हिरीबाईच्या पिप्यातला मोगरा

धनजच्या अलीकडं जो तांडा आहे, तिथं बरीच वर्षं एक कुजबूज होती. हिरीबाईच्या मोगऱ्याच्या पिप्यात म्हणे तिच्या सासूची चांदी पुरलेली आहे.

कुजबूज म्हणजे कशी? सांगणारा आधी इकडंतिकडं बघतो, तोंडाशी हात नेतो आणि मग चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. ही गोष्ट तशीच फिरली. पिठाच्या गिरणीत फिरली, हातपंपावर फिरली, धनजच्या बसथांब्यावर तर पार अनोळखी माणसांनाही फुकटात ऐकायला मिळाली. म्हातारी धडधाकट होती तेव्हा तिच्या पायांत बोटभर जाडीचे तोडे होते, गळ्यात जुन्या रुपयांचा हार होता, कानांवर चांदीचे झुबके लोंबायचे. ती पाण्याला निघाली की वरात निघाल्यासारखा आवाज यायचा. पुढं पुढं म्हातारी चालायची, पण आवाज येईना. कोणी विचारलं तर म्हणायची, "वज्जं झेपत नाई आता. ठेवून देलं." मग ती गेली, आणि तिची पेटी उघडली तर आत निघालं काय? एक फुटका आरसा, तंबाखूची डबी आणि दोन सुपाऱ्या. चांदीचा कण नाही.

आणि नेमकं त्याच साली थोरल्या सुनेनं, म्हणजे हिरीबाईनं, तेलाच्या रिकाम्या पिप्यात माती भरून मोगरा लावला. झालं! तांड्याला आणखी काय पाहिजे? लोकांनी चांदीचं एक टोक घेतलं, पिप्याचं दुसरं टोक घेतलं आणि दोन्हींची गाठ मारून टाकली.

त्यातून हिरीबाईचं वागणंही असं, की ती गाठ दरसाल घट्ट व्हावी. ती आणि तिचा नवरा भाऊसिंग दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जात, थेट सांगलीकडं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं काय चढवतात? कोयते, भांडी, ज्वारीचं पोतं, गोधड्या, झालंच तर एखादी कोंबडी. हिरीबाई सगळ्यांत आधी पिपा चढवायची. त्याला बसायला गोधडीची चुंबळ, बाजूनं ज्वारीच्या पोत्याचा टेकू, वरून ओलं फडकं. मुकादम ओरडायचा, "अवो बाई, मानसाले जागा नाई अन् तुमी झाड चढवून राह्यल्या!" हिरीबाई म्हणायची, "मंग मानूस उतरवा एखादा. हे पाहा, माहाच नवरा उतरवा."

आता तुम्हीच सांगा, मातीसाठी कोणी एवढा जीव टाकतं का?

हिरीबाईला ही कुजबूज ठाऊक होती. नुसती ठाऊक नव्हती, ती तिला गोड लागायची. एखादीनं आडून विचारलं, "पिप्यात काय हाये व बाई?" तर ती नाही म्हणायची नाही, हो म्हणायची नाही. पिप्याला हात लावून तो हात कपाळाला लावायची आणि म्हणायची, "सासूबाईचा आशीर्वाद हाये." मग विचारणारी घरी जाऊन नवऱ्याला जेवण वाढायच्या आधी ही बातमी वाढायची. बारीक अंगाची, काळी, खणखणीत आवाजाची बाई. दिवसाला उसाच्या किती मोळ्या बांधते याचं टोळीला कौतुक. पण तिला स्वतःला कौतुक होतं ते या एका गोष्टीचं, की अख्खा तांडा आपल्या पिप्याकडं डोळे लावून बसलाय.

खरं म्हणजे मोगरा आला कसा, त्याचीही एक गंमत आहे. भाऊसिंग मंगरूळपीरला उरसाला गेला होता. जाताना बायकोला कबूल करून गेला, "लुगडं आनतो, जरीच्या काठाचं." संध्याकाळी परत आला तेव्हा हातात ओल्या कागदात गुंडाळलेली एक काडी.

"हे काय?"

"मोगरा. लुगडं एकदा फाटलं का गेलं. हे जिंदगीभर गजरे देईन तुले."

हिरीबाईनं ती काडी घेतली आणि जिंदगीभर गजरे देणाऱ्याच्या डोक्यात घातली. काडी उडून मोरीच्या चिखलात पडली. दोन आठवड्यांनी भांडी घासताना तिला दिसलं, काडीला दोन हिरवे कान फुटलेत. मग काय! लुगडं राहिलं बाजूला. पिपा आला, रानातली काळी माती आली, म्हातारीच्या म्हशीचं वाळलं शेण चुरून आलं. त्या दिवसापासून मोगरा हे हिरीबाईचं शेंडेफळ झालं.

पहिल्या साली ती पिपा तांड्यातच ठेवून उसाला गेली होती. परत आली तर बकऱ्यांनी बुडापर्यंत खाऊन ठेवलेला. तेव्हापासून ट्रॉलीची वारी सुरू झाली.

हे सगळं ठीक. पण एक गोष्ट अशी होती की जिच्यावरून हिरीबाईला मान खाली घालावी लागायची. मोगरा फुलत नव्हता.

पानं? पानं विचारू नका. तेलात बुडवून काढल्यासारखी चकाकणारी, दाट, हिरवीगार. पण कळी म्हणून नाही. एका साली दोन फुलं आली, तर त्यातलं एक भाऊसिंगनं हुंगता हुंगता नाकानंच पाडलं. त्यावरून नवराबायकोत आठ दिवस बोलणं बंद होतं. तांड्यातल्या बाया तर टपलेल्याच. "हिरीबाई, त्याची भाजी करून पाहाय ना, डाळ टाकून." दुसरी म्हणायची, "अवो, चांदीवर वाढलेलं झाड हाये ते, त्याले फुलाची काय गरज?"

शेवटी हिरीबाई पिपा ऑटोत घालून कारंज्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेली. नर्सरीवाला इंद्रभान. त्यानं झाड चारी बाजूंनी पाहिलं, बोट मातीत खुपसलं.

"पानी किती देता?"

"रोज. दोनदा."

"अन् थंडीत?"

"थंडीत कोमट करून देतो. वरून यांचं कांबळं पांघरतो," हिरीबाईनं नवऱ्याकडं बोट केलं. भाऊसिंगनं मान डोलावली. त्याला हिवाळा आठवला असावा.

इंद्रभाननं कपाळाला हात लावला. "बाई, जास्त थंडीपासून त्याले जपलं, हे बरं केलं, मोगऱ्याले कडक थंडी सोसत नाई. पन तुमी त्याले झोपूच देऊन नाई राह्यल्या. हे झाड सोताहून पानं गाळत नाई, बारा मास हिरवंच राहते. म्हनून त्याचा इसावा आपन करा लागते. पौषात पानी तोडा. पानं ओरबाडा. फांद्या छाटा. पिप्यातून उपटून मुळ्या छाटा, नवी माती भरा. मंग पाहाजा चैतात."

हिरीबाईनं पिपा जवळ ओढला. "उपाशी ठेवा, केस उपटा, पाय तोडा! दादा, तुमी रोपं विकता का सूड घेता?"

"तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो."

"पोटच्या लेकरावर असा हात उचलता येते का कोनाले?"

"पोटचं लेकरू कामाले लागलं पाह्यजे का नाई?" इंद्रभान म्हणाला.

पण ती ऐकणारी नव्हतीच. पिपा परत ऑटोत घातला आणि घरी येऊन त्याला वरून दोन तांबे पाणी जास्त पाजलं, बिचाऱ्यानं एवढं वाईट ऐकलं म्हणून.

मग गेल्या दिवाळीत रूपाची सोयरीक जमली. रूपा हिरीबाईची एकुलती लेक, कारंज्याच्या कॉलेजात शिकणारी. मुलगा अमरदीप रिठदकडच्या तांड्यातला, लाइटफिटिंगचं काम करणारा. सुपारी फुटली, गूळ वाटला, अंगणात साऱ्या बाया बसल्या, आणि हिरीबाईच्या जिभेला त्या दिवशी लगाम राहिला नाही. गुळाचा खडा तोंडात, आणि बाई बोलून गेली, "माही रूपा मांडवात उभी राहीन ना, तं तिच्या केसात इकतचा गजरा नाई घालू देनार. माह्या पिप्यातल्या मोगऱ्याचा घालीन!"

मग सोनीबाई हसली.

सोनीबाई म्हणजे हिरीबाईची धाकटी जाऊ. गोरी, गोल, हसरी, आणि कोणाच्याही घरात काय शिजतंय ते त्या घरच्या बाईच्या आधी सांगणारी. ती म्हणाली, "बाई, पाल्याचा गजरा घालसान तं वरातीत नवरदेव राह्यला बाजूले, बकऱ्या लागतीन रूपाच्या मागं!"

सगळ्या हसल्या. रूपासुद्धा हसली, ते हिरीबाईला जास्त लागलं.

"अन् फुलला तं?"

"फुलला तं हा पिपा डोक्शावर घेऊन साऱ्या तांड्याले फेरी मारीन. लेंगी म्हनत मारीन!" लेंगी म्हणजे बंजाऱ्यांची होळीतली गाणी. ती लग्नाच्या दिवसांत म्हणायची, म्हणजे सोनीबाईनं स्वतःचं हसं करून घ्यायला पुरतं सामान दिलं होतं.

"कबूल. अन् नाई फुलला तं?"

"तं पिपा माहा. माह्या कोंबड्या पानी पितीन त्यात. झाड फेकून देईन. माती..." सोनीबाई जरा थांबली, "माती बी माहीच."

आता कोंबड्यांना प्यायला पिपा पाहिजे हे समजलं, पण माती कशाला? तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हिरीबाईलाही कळलं. पण पैज लागली ती लागली. साऱ्या बायांसमोर लागली. मोगरा फुलला नाही तर पिपा जाणार, झाड उकिरड्यावर जाणार आणि लेकीच्या लग्नात काकूच्या कोंबड्या त्या पिप्यातून पाणी पिणार. हे चित्र डोळ्यांसमोर घेऊनच हिरीबाई त्या साली ट्रॉलीत चढली.

उसाच्या मुलखात थंडी पडली ती पौषात. चहूकडं पाणी दिलेला ऊस, त्यात पहाटेचं दव. उसाच्या पाल्याच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, झोपलेलं माणूस उठताना लाकडासारखं उठायचं. हिरीबाईनं पिपा चुलीच्या उबेला ठेवला, पोत्यानं गुंडाळला, वरून भाऊसिंगचं कांबळं.

"अवो, मी मेलो तं गजरा कोन आनीन तुले?" भाऊसिंग गुडघे पोटाशी घेऊन म्हणायचा.

"लुगडं आनलं असतं तं ते पांघरलं असतं तुमच्या अंगावर. आता भोगा."

अशात रिठदहून निरोप आला: लग्नाची तारीख धरायची आहे, या. मुकादमाला विचारून नवराबायको चार-पाच दिवसांसाठी एसटीनं निघाले. पण पिपा? एसटीत पिपा नेण्याचा विचार हिरीबाईनं केला होता, पण भाऊसिंगनं पहिल्यांदाच आवाज चढवला. म्हणाला, "व्याह्याच्या घरी पोरीची तारीख धराले चाललो का झाडाची?" मग राहिलं एकच माणूस. शेजारच्या कोपीतली जाऊ.

"सोने, पानी घालजो. सकाळ-संध्याकाळ."

"घालतो ना बाई. तुमी बिनघोर जा," सोनीबाई म्हणाली. आवाजात इतका गोडवा होता की हिरीबाईला तिथंच शंका यायला हवी होती.

परत आली तेव्हा तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. चुलीजवळ पिपा होता. पिप्यात पाचसहा काळपट काड्या होत्या. पान एकही नाही. काड्या वीतभर उंचीच्या.

सोनीबाई धावतच आली. डोळ्याला पदर आधीच लावून आली. "बाई, काय सांगू! मुकादमाचा तो बांडा बैल सुटला अन् सारं खाऊन गेला. मी धावलो, पन कायचं ऐकते!"

"बैलानं खाल्लं?"

"हो ना!"

हिरीबाई खाली बसली. उसाच्या फडात कापलेला बुडखा पाहून तो कोणाच्या कोयत्याचा, हे टोळीतलं कोणीही सांगतं. उजव्या हाताचा वार एका अंगाला उतरतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. आणि अख्ख्या टोळीत डावखुरी एकच होती. हिरीबाईनं मोगऱ्याच्या काड्यांवरून अंगठा फिरवला. काड्या साफ, तिरप्या, एका वारात कापलेल्या, आणि उतार सगळा उलट्या अंगाला. मग तिनं माती पाहिली. तिची धनजची काळीभोर माती गेली होती. पिप्यात उसाच्या रानातली तांबूस माती, थोडी राख, बरंचसं बैलाचं शेणखत, गच्च दाबून भरलेलं, आणि पिप्याभोवती कापलेल्या मुळ्यांचे तुकडे.

डाव्या हातात कोयता धरणारा बैल. झाड उपटून, मुळ्या छाटून, पिपा रिकामा करून, चाळून, परत भरून ठेवणारा बैल.

हिरीबाईच्या जागी तुम्ही असता तर सोनीबाईची वेणी हातात आली असती, आणि तिच्याही मनात ते आलं. पण दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे तीन-चार महिन्यांत लग्न. काकूच्या हातची हळद रूपाला लागायची होती. आणि दुसरी गोष्ट अशी, की पिप्याला हात लावून तो कपाळाला कोण लावत होतं? 'आशीर्वाद हाये' कोण म्हणत होतं? ते बी तर हिरीबाईनंच पेरलं होतं.

शिवाय तिनं विचार केला, की आज बोलून टाकलं तर भांडणाची मजा एकदाच येईल. न बोलता ठेवलं तर रोज.

म्हणून ती एवढंच म्हणाली, "असो. मुकं जनावर. त्याले काय समजते?"

आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. फडात मोळी बांधताना, सगळ्यांसमोर, अगदी मायेनं: "सोने, तो बैल बरा हाये ना व? पोट गिट नाई ना दुखत त्याचं?" सोनीबाई मान वर न करता ऊस तोडायची. तिचे वार त्या आठवड्यात असे पडत की मुकादम खूश.

त्याच दिवसांत सोनीबाईची चांदीची अंगठी हरवली. लग्नातली, माहेरची. "फडातच पडली," ती म्हणायची, आणि उसाच्या वाळल्या पाचटाखाली हात घालून घालून शोधायची. सगळी टोळी शोधायला लागली. हिरीबाईनंही शोधली. सापडली नाही.

वरून कितीही हसली, तरी हिरीबाईचं आत दुखतच होतं. त्या काड्यांकडं बघून तिला वाटायचं, संपलं. पैज गेली, पिपा गेला, पोरीसमोर शब्द गेला. रागानं तिनं झाडाला पाणी घालणं सोडलं. पोतंही काढून टाकलं. भाऊसिंगला कांबळं परत मिळालं, पण तो शहाणा माणूस, त्यानं आनंद दाखवला नाही.

"मंगरूळहून दुसरा आनू का?" त्यानं विचारलं.

"आना. अन् लुगडंबी आना. त्या वक्ताचं राह्यलंच हाये."

महाशिवरात्रीच्या आसपास ऊन जरा चढलं. हिरीबाई चुलीत पाचट सारत होती, तेव्हा सहज तिचं लक्ष पिप्याकडं गेलं. काडीच्या पेरावर मोहरीएवढं काहीतरी हिरवं होतं. तिला वाटलं, चिलट बसलं. फुंकर मारली. उडालं नाही. खाली वाकून बघितलं, तर दुसऱ्या काडीवर दोन, तिसरीवर चार.

ती हळूच उठली आणि तांब्याभर पाणी आणून पिप्यात घातलं. मग कोपीमागं जाऊन तिनं इंद्रभानचं सारं बोलणं बोटांवर मोजलं. पाणी तोडा. तुटलं. पानं ओरबाडा. ओरबाडली. फांद्या छाटा, मुळ्या छाटा, नवी माती भरा. सारं झालेलं! तिच्या हातून सात जन्मांत झालं नसतं ते सोनीबाईच्या डाव्या हातानं एका दुपारी करून टाकलं होतं. हिरीबाईला एवढं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला.

होळीला टोळी तांड्यावर परतली. ऊन तापलं तसा मोगरा सुटला. फांदीफांदीला टोकाशी तीन-तीन, पाच-पाच कळ्यांचे झुबके, आधी हिरवे, मग तांदळासारखे. तांड्यातल्या बाया काहीबाही मागायच्या निमित्तानं यायच्या आणि पिप्याभोवती घुटमळायच्या. "मायबाई! काय घातलं व यात?" हिरीबाई गंभीरपणे म्हणायची, "बैल घातला." कोणाला काही कळायचं नाही. एकटी सोनीबाई तेवढी घरी कामं निघाल्यासारखी उठायची.

एका सकाळी खुरप्यानं वरची माती मोकळी करताना काहीतरी कट्कन लागलं. हिरीबाईनं बोटानं उकरलं. मातीनं माखलेली, बारीक नक्षीची चांदीची अंगठी. तिनं ती पदराला पुसली, उन्हात धरली, मग कमरेच्या पिशवीत टाकून वरून गाठ मारली. त्या दिवशी तिनं स्वयंपाक करताना गाणं म्हटलं. भाऊसिंग घाबरला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मायलेकी पिप्याजवळ बसल्या आणि टपोऱ्या कळ्या खुडायला लागल्या. परात भरली. वास असा सुटला की शेजारचा म्हातारा विचारायला आला, अत्तरवाला आला का म्हणून.

"याडी," रूपा म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात. "मले खरंच वाटलं नोतं. मी बी हसली होती त्या दिवशी."

"पाह्यलं मी."

"राग आला?"

"आला ना. म्हनून गजरा जरा आखूड करतो."

आखूड कसला! दोन्ही खांद्यांवर रुळेल असा झाला. रूपानं तो डोक्याला लावून आरशात बघितलं आणि आईच्या गळ्यात पडली. हिरीबाईनं तिला जरा वेळ तसंच राहू दिलं. मग म्हणाली, "सोड आता, कळ्या चुरगळतीन."

सकाळी हळदीच्या आधी बायांनी सोनीबाईला घेरलं. "पैज! पैज!" सोनीबाईनं आढेवेढे घेतले असते तर गोष्ट इथं थोडी कडू झाली असती. पण ती सोनीबाई होती. तिनं पदर खोचला, चुंबळ घेतली आणि म्हणाली, "चढवा!" चौघींनी पिपा उचलला, उरलेल्या कळ्या अन् पानांसकट तिच्या डोक्यावर ठेवला. डफडं वाजायला लागलं. आणि मग सोनीबाईनं जी लेंगी उचलली! कंबर लचकते, पिपा हलत नाही, गाण्यात दरवेळी नवं कडवं घालते, त्यात भाऊसिंग येतो, मुकादम येतो, बांडा बैलसुद्धा येतो. पोरं मागं, म्हाताऱ्या ओट्यावरून टाळ्या देतात. रिठदची पाहुणीमंडळी विचारायला लागली, ही कोणती रीत तुमच्याकडची? इंद्रभानलाही आमंत्रण होतं, तो मांडवाच्या खांबाला टेकून पिप्याकडं बघत राहिला आणि भाऊसिंगला म्हणाला, "ऐकलं म्हना बाईनं माहं!"

"अर्धं ऐकलं," भाऊसिंग म्हणाला. "अर्धं करून घेतलं."

हिरीबाईला जरा चुटपुट लागली, ती मात्र वेगळीच. पैज जिंकली हिनं आणि मिरवली ती. असं कसं झालं?

फेरी संपली, पिपा उतरवला. सोनीबाई घामानं निथळत पाण्याच्या रांजणाजवळ बसली. हिरीबाई तिच्यासमोर आली. हातात एक एवढासा गजरा, चार कळ्यांचा.

"धर. तुह्यासाठी ठेवला होता."

"बाई, तुमी माह्यासाठी..." सोनीबाईचा पदर आता खरोखरच डोळ्याला गेला. तिनं गजरा केसात माळायला घेतला आणि बोटाला काहीतरी टणक लागलं. चार कळ्यांच्या मधोमध, दोऱ्यात ओवलेली अंगठी.

सोनीबाईचं तोंड बघण्यासारखं झालं. आधी पांढरं, मग लाल.

"बाई... हे कुठं गावली?"

"बैलाच्या पोटात," हिरीबाई म्हणाली.

मग सोनीबाईला आधी खुदकन, मग असं हसू फुटलं की ती रांजणाला धरून कलंडलीच. हिरीबाईही तिच्या शेजारी बसली. मांडवातून कोणी हाका मारतंय, हळद थांबली आहे, आणि या दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे पुसताहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, पोरगी सासरी चालली म्हणून रडताहेत. दोघींनी तसंच वाटू दिलं.

शेवटी सोनीबाईनं नाक पुसलं, इकडंतिकडं पाहिलं आणि तोंडाशी हात नेला.

"बाई, आता शपथ हाये तुमाले. खरं सांगा. सासूबाईची चांदी कुठं हाये?"

हिरीबाईनं सांगितलं.

चांदी पिप्यात कधीच नव्हती. सासूनं ती मरायच्या कितीतरी आधी कारंज्याच्या सराफाकडं मोडली आणि त्या पैशांतून म्हैस घेतली. हिरीबाई सोबत होती. घरी म्हातारीनं सांगितलं, म्हैस आपल्या माहेरून आली. त्या म्हशीच्या दुधाचा चहा सगळ्यांनी प्यायला, सोनीबाईनंही. पिप्यात माती होती, आणि थोडं त्या म्हशीचं शेण.